मटणात औषध किती चालेल?

आजारी जनावराला दिलेलं औषध मांसात थोडंफार उरतंच. किती उरलं तर चालेल, हे ठरवायला प्राण्यांवरच्या चाचण्यांतून अपाय न करणारी मात्रा शोधतात आणि तिला बहुधा १०० ने भागतात. पुढचा हिशेब मुद्दाम खादाडाचा: ६० किलोचा माणूस रोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम कलेजी, ५० ग्रॅम गुर्दा खातो, वर दीड लिटर दूध पितो, तेही जन्मभर! ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा किलोमागे मांसात २००, कलेजीत ६००, गुर्द्यात १२०० मायक्रोग्रॅम आहे. क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या प्रतिजैविकाला मात्र सुरक्षित मर्यादाच ठरवता आलेली नाही. अर्थात खाटकाच्या दुकानात हे कोणी मोजत बसत नाही. शेवटच्या डोसनंतर ठरावीक दिवस जनावर कापायचं नाही, हे पथ्य पाळायचं ते गोठ्यातच.