लहान गांवाचें सांडपाणी आणि नदीचें रक्षण

वाहतें पाणी आपोआप शुद्ध होतें, ही समजूत फार जुनी आहे. आणि ती सर्वस्वी खोटीही नाहीं. नदीच्या पाण्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वास करीत असतात, व मनुष्यांनीं टाकलेली घाण हें त्यांचें अन्न होय. मात्र तें अन्न पचविण्यास त्यांना प्राणवायु लागतो, आणि तो ते पाण्यांत विरघळलेल्या सांठ्यांतून घेतात. हा सांठा फार तुटपुंजा असतो. २० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यांत जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. उलट, एक लिटर घरगुती सांडपाण्यांतील घाण पचवितांना पांच दिवसांत सुमारें २५० मिलिग्रॅम प्राणवायु खर्ची पडतो. म्हणजे एका लिटरपायीं नदीच्या सुमारें २८ लिटर पाण्यांतील सांठा संपतो.

प्रवाह भरलेला असतां हा खर्च भागतो, कारण हवेंतून नवा प्राणवायु पाण्यांत शिरत असतो. परंतु प्रवाह क्षीण झाला म्हणजे प्रथम मासे गुदमरतात; पुढें प्राणवायूवांचून जगणारे जंतु माजतात, पाणी काळें पडतें व दुर्गंधी सुटते. वरच्या गांवाच्या निष्काळजीपणाचें फळ खालच्या गांवाला पाणवठ्यावर भोगावें लागतें.

मग जें काम जंतु नदींत करतात, तेंच नदीबाहेर करवून घेतां येणार नाहीं काय? सन १९१४ मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टर शहराच्या सांडपाणी-केंद्रांत आर्डर्न व लॉकेट या दोघांनीं याचें उत्तर दाखवून दिलें. त्यांनीं सांडपाण्यांतून हवा खेळविली, आणि तळीं बसलेला जंतुयुक्त गाळ फेंकून न देतां तो नव्या सांडपाण्यांत पुनःपुन्हां मिसळला. प्रथम ज्या कामास कित्येक आठवडे लागत, तें २४ तासांच्या आंत होऊं लागलें.

मोठ्या शहरांना ही रीत मानवली. लहान वस्तीला मात्र अनेक टाक्या, पंप आणि जाणत्या नोकरांचा ताफा यांचा खर्च कसा झेपावा? ही अडचण हॉलंडांत पास्वेर या संशोधकानें सोडविली. सन १९५४ मध्यें व्होरस्खोटेन येथें सुमारें ३६० माणसांच्या वस्तीसाठीं त्याच्या योजनेप्रमाणें पहिला चर सुरू झाला. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट वाटोळा, उतरत्या कांठांचा व बेताच्या खोलीचा असा हा चर असतो. त्यावर आडव्या आंसाभोंवतीं फिरणारा एक मोठा ब्रश बसवितात. ब्रश फिरूं लागला म्हणजे पाण्यांत हवा मिसळते, आणि त्याच रेट्यानें पाणी चरांतून गोल फिरत राहून गाळ तरंगता राहतो. ब्रश थांबविला कीं गाळ खालीं बसतो, व वरचें निवळ पाणी सोडून देतां येतें. अशा रीतीनें हवा देणें व निवळणें हीं दोन्ही कामें एकाच चरांत उरकतात. शिवाय सांडपाण्याला पुष्कळ वेळ हवा मिळत असल्यामुळें गाळही बराचसा पचून जातो, आणि उरलेला गाळ फारशी दुर्गंधी न येतां वाळवितां येतो.

तथापि या चराच्या मर्यादाही ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. त्यांतून निघालेलें पाणी नदीला सोसवतें, पण तें पिण्याजोगें नव्हे. कारण रोगजंतु त्यांत उरतातच. कारखान्यांतील विषारी द्रव्यें चरांत आलीं, तर उपकारक जंतूच मरून जातात. आणि वीज बंद पडून ब्रश फार वेळ थांबला, तर चराचेंच एक लहानसें सडकें डबकें बनतें.

म्हणूनच लहान गांवानें अशी योजना हातीं घेतांना केवळ बांधकामाच्या रकमेकडे पाहून भागत नाहीं. चर एकदांच खणावा लागतो. ब्रश मात्र रोज फिरावा लागतो. वीज, दुरुस्ती आणि देखरेख करणारा एक जबाबदार मनुष्य यांची तरतूद दरवर्षींच्या अंदाजपत्रकांत आधींच झाली असेल, तरच खालच्या गांवाच्या घागरींत स्वच्छ पाणी जाईल.