सभा कुठे भरते?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. चांगले काय हे माणसाला कळते, तरी तो ते करत नाही, असे का? ग्रीकांनी याला 'अक्रेसिया' म्हटले. गंमत बघा, ॲरिस्टॉटल इथे दाखला देतो तो दारू प्यालेल्या माणसाचा. प्यालेला माणूसही एम्पेडोक्लीसच्या ओळी धडाधड म्हणून दाखवतो. शब्द तोंडात असतात, ज्ञान मात्र त्या क्षणी कामाला येत नाही. आपल्याकडचा पिणाराही तसाच. दारू वाईट हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, किंमत त्यानेच मोजलेली असते. म्हणून उपदेशाने फारसे भागत नाही. त्यावर काही श्रोत्यांनी विचारले, "सर, हे सगळं ठीक, पण दारव्ह्याच्या माणसानं जायचं कुठं?" आज त्याबद्दलच बोलू.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामाला आला होता. काम फसले, पिण्याची तलफ अनावर झाली. त्याने डॉक्टर गाठला नाही, पाद्र्याचे प्रवचनही ऐकले नाही. आपल्यासारखाच एखादा पिणारा बोलायला मिळतो का, हे शोधले. भेटले डॉ. बॉब स्मिथ, तेही पट्टीचे पिणारे. या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे ए.ए., उभी राहिली. १९५७ साली ती मुंबईत आली. आमच्या मते यातले महत्त्वाचे हे, की विल्सन त्या दिवशी दुसऱ्याला सुधारायला गेला नव्हता. स्वतः टिकावा म्हणून गेला होता. त्यामुळे ऐकणाऱ्याला कमीपणा वाटला नाही.

सभेत काय होते? कुणी आपले पहिले नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि अनुभव बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. खर्च सभासदच वर्गणीतून भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. पहिल्या दिवशी नुसते बसून ऐकले तरी चालते. 'खुल्या' सभेला घरचेही बसू शकतात, 'बंद' सभा फक्त पिणाऱ्यांची. पुष्कळदा जागा शाळेची किंवा चर्चची असते, म्हणून ती धर्माची सभा समजू नका. बारा पायऱ्यांत ईश्वराचा शब्द आहे खरा, पण 'आम्हाला जसा समजला तसा' अशी सूट त्यातच ठेवलेली आहे. नास्तिकालाही तेवढी फट पुरते.

आता शोधायचे कसे? ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर चौकशी करा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची 'टेलि-मानस' १४४१६, दोन्ही मोफत. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येते. फोनवर तीन गोष्टी विचारा : सभा मराठीत असते का, खुली की बंद, आणि या आठवड्यात नक्की आहे ना? लहान गावातल्या सभेचा दिवस अन् जागा बदलत राहते. बस करून जावे आणि दाराला कुलूप दिसावे, यात आलेला धीर पार खचतो.

त्याआधी एक सांगतो, हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद करू नये. हात थरथरतात, झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग सभा. आणि ते भिंतीवरचे 'न सांगता दारू सोडवा' त्याच्या वाटेला जाऊ नका. डायसल्फिरामसारखी गोळी चहात गुपचूप घातली आणि वरून तो प्याला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

खरी अडचण वेगळीच आहे. दारव्ह्यात कुणी कुठे गेला ते संध्याकाळपर्यंत चौकात कळते. 'अनॉनिमस' म्हणजे अनामिक, पण आपल्या गावात अनामिक राहायचे कसे? आम्ही म्हणतो, सुरुवातीला यवतमाळला जा. चाळीसेक किलोमीटर आहे, तिथे ओळखीचे कमी. शकुंतला तर आता धावत नाही, एस.टी.नेच जावे लागते, आणि मजुरी बुडते हेही खरेच. परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते आधी बघून ठेवा. सभा लवकर सोडून निघालात तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. ज्याला तेही जमत नाही, त्याच्यासाठी ऑनलाइन सभा असतात. पण आमचे मत विचाराल तर समोरासमोरची सोबत निराळी.

आणि दोघेच जरी न पिण्यासाठी नियमाने बसले, तरी ए.ए.च्या परंपरेत तो गटच मानतात. म्हणजे यवतमाळला जाऊन-येऊन टिकलेला एक माणूस आणि दारव्ह्याचाच दुसरा, इतकी भांडवलाची सोय झाली की पुरे. जागा अशी धरा, जिथे आत-बाहेर होताना इतर कामाचे निमित्त सांगता येईल.

राहिल्या घरातल्या बाया. नवरा तयार होईपर्यंत त्यांनी थांबायलाच पाहिजे असे नाही. १९५१ सालापासून 'अल-अनॉन' नावाचा गट फक्त कुटुंबीयांसाठी आहे. पुण्याच्या मुक्तांगणातही पत्नींसाठी वेगळा गट चालतो. तिथे ती नवऱ्याची तक्रार नेत नाही, स्वतःची झोप, स्वतःचे पैसे, मुलांची शाळा यांवर बोलते. नवरा घरी पीतच असला, तरी तिला आजच जाता येते.