काटा लालमंधी काहून जाते?

मे महिन्यात चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणींत सावलीतला पारासुद्धा 45-46 अंशांवर जातो. त्यात माणसाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोझरचं काय होतं ते वजाबाकी करून पाहावं लागतं. रेडिएटरमधलं पाणी 90 अंश आणि बाहेरची हवा 46 अंश, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला 44 अंशांचा फरक मिळतो. जानेवारीच्या दुपारी हवा 28 अंश असेल तर हाच फरक 62 असतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण थंड करण्याची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी उतरलेली. हिवाळ्यात अंगावर काढलेली दुखणी मग उन्हाळ्यात वर येतात आणि वर्कशॉपसमोर एकच तक्रार घेऊन गाड्या उभ्या राहतात: टॉर्क तापून राहिला.

'टॉर्क' म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलात बुडालेली पात्यांची तीन चाकं असतात. इंजिन फिरवतं तो पंप, त्याच्या समोर टर्बाइन आणि दोघांच्या मध्ये स्टेटर. इथे लोखंडाचा लोखंडाशी सांधा नसतो. सगळी ताकद ऑइलाच्या झोतावर पलीकडे जाते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली या तत्त्वाचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. डोझरला ते फार मानवलं, कारण पातं दगडात अडलं तरी इंजिन बंद पडत नाही, उलट अडल्यावर जोर वाढतो. त्या सोयीची किंमत ऑइल मोजतं. ट्रॅक जागच्या जागी अडले आणि ऑपरेटरने रेस दाबून धरली, की इंजिनाची जवळपास सगळी ताकद ऑइल घुसळण्यात जाते. मोठ्या डोझरचं इंजिन 320 अश्वशक्तीचं असतं, म्हणजे 239 किलोवॉट. हजार वॉटच्या दोनशेहून जास्त इस्त्र्या एकाच डब्यात चालू केल्यासारखं ते होतं.

म्हणून कन्व्हर्टरचं ऑइल तापणं हा आजार नाही. काम करताना ते 80 ते 100 अंशांच्या आसपास राहतंच. काटा 120च्या पुढे सरकून लाल पट्ट्यात जातो तेव्हा चौकशी सुरू करायची, आणि तिचे प्रश्न दोनच: उष्णता जास्त तयार होते आहे, की तयार झालेली बाहेर पडत नाही?

मी पाहिला तो डोझर 320 अश्वशक्तीच्याच वर्गातला, ओबीच्या ढिगावर माती सपाट करणारा. (ओबी म्हणजे कोळशावरची माती आणि खडक. खाणीत हा शब्द फोडून सांगितला तर लोक हसतात.) कागदावर उपाय आधीच लिहून झाला होता: ट्रान्समिशन उतरवणे. त्याला क्रेन लागते, गाडी कित्येक दिवस आडवी पडते आणि एकदा उघडलं की सील, रिंगा, प्लेटा बदलल्याशिवाय कुणी ते बंद करत नाही. निवृत्तीला आलेल्या फोरमननी तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उघडाची त केव्हाबी उघडता येते. पयले इचारू."

आधी ऑपरेटरला विचारलं. केव्हा तापते, ढकलताना की मागं येताना? कोणत्या गिअरात? इंजिनाच्या पाण्याचा काटा कुठं असते? ऑपरेटर डोकं खाजवत म्हणाला, "पाण्याचा काटा हिरव्यातच असते, साहेब. टॉर्कचाच जाते. ढकलताना जाते म्हणा, पण काल वर्कशॉपकडं रिकामी आनली, तवाबी अर्ध्या घंट्यात लालमंधी गेला. अन् गाडी जड चालून राहिली."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर फोरमननी चष्मा काढून पुसला. ढकलताना तापणं समजू शकतं. बरेच ऑपरेटर घाईत दुसऱ्या गिअरात ढकलतात. गाडी रेटत नाही, कन्व्हर्टर घसरत राहतो, आणि पहिला गिअर टाकला असता तर जे ऑइल नव्वदवर राहिलं असतं ते एकशेवीसवर जातं. पण सपाट रस्त्यावर, पातं वर उचललेलं, रिकामी गाडी? तिथे तापायचं काही कारण नव्हतं.

तरी त्यांनी एकही पायरी गाळली नाही. पहिली शंका काट्यावरच. सेन्सर आणि वायर खोटं बोलतात, त्यामुळे गाडी गरम करून कन्व्हर्टरमधून ऑइल बाहेर येतं त्या पाइपवर टेम्परेचर गन धरली. पाइपाचा पृष्ठभाग आतल्या ऑइलापेक्षा थोडा थंड दाखवतो, तेवढी सूट दिल्यावर काटा खरा निघाला. मग डिपस्टिक. कमी ऑइल असेल तर पंप हवा ओढतो, हे सगळे जाणतात. जास्त असलं तरी तापतं, हे फार थोडे. भरमसाट ओतलेलं ऑइल फिरत्या गिअरांत घुसळून फेसाळतं, आणि फेसाने ना दाब नीट बसतो ना उष्णता वाहून जाते. इथे पातळी बरोबर होती. फोरमननी थेंब बोटांत चोळला, हुंगला. जळका वास नाही, दुधी रंग नाही. दुधी रंग दिसला असता तर कूलर फुटून पाणी ऑइलात शिरलं असा संशय आला असता. ऑइल तीस नंबरचंच होतं का, हे स्टोअरच्या चिठ्ठीवरून पाहिलं. होतं.

रेडिएटरची जाळी मात्र भरलेली होती. कोळशाची धूळ आणि कुठून तरी झिरपलेलं ऑइल यांचा लेप पंखांच्या फटींत बसला होता. तरुण इंजिनिअर उत्साहाने म्हणाला, "सापडलं!" फोरमन काही बोलले नाहीत. या डोझरचं ट्रान्समिशन ऑइल इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. रेडिएटर हाच मुख्य दोषी असता तर पाण्याचा काटाही लालकडे गेला असता, आणि तो हिरव्यात होता. जाळी हवेच्या उलट दिशेने धुऊन घेतली, पण 'कारण' म्हणून कागदावर लिहिली नाही. मला ही शिस्त फार आवडली. घाण दिसली की तिलाच आरोपी करायचा मोह होतो.

कूलरच्या दोन्ही तोंडांवर गन धरली. ऑइल आत जाताना आणि बाहेर येताना वीसेक अंशांचा फरक. म्हणजे कूलर चोंदलेला नव्हता, आपलं काम करत होता. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं: उष्णता बाहेर पडत होती. ती तयारच जास्त होत होती.

मग फिल्टर. तो नुसता बदलून कचऱ्यात टाकणाऱ्यांबद्दल फोरमनचं मत छापण्याजोगं नाही. त्यांनी कवच कापलं, कागदाच्या घड्या उलगडून स्वच्छ डिझेलमध्ये धुतल्या आणि उन्हात पांढऱ्या कापडावर पसरल्या. क्लचच्या प्लेटा घासत असतील तर तांबूस-सोनेरी भुकटी दिसते. कन्व्हर्टरची चाकं खात असतील तर ॲल्युमिनियमचे चंदेरी कण दिसतात, आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत. बेअरिंग किंवा गिअर गेला असेल तर स्टीलचे कण चुंबकावर दाढीसारखे उभे राहतात. कापडावर रोजच्या झिजेचा थोडा काळपट गाळ होता. क्लच घसरत नसल्याची ही पहिली साक्ष.

दुसरी साक्ष स्टॉल टेस्टची. मोकळी सपाट जागा, समोर-मागे कुणी नाही, पातं जमिनीवर, दोन्ही ब्रेक दाबलेले, सर्वांत वरचा गिअर आणि पूर्ण रेस. गाडी थरथरते पण हलत नाही. इंजिन किती फेऱ्यांवर येऊन थांबतं, ते पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचं. फेऱ्या जास्त आल्या तर आत काहीतरी घसरतंय; कमी आल्या तर इंजिनच अशक्त. ही चाचणी काही सेकंदांचीच, कारण ऑइल डोळ्यांदेखत तापतं. संपल्यावर इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रलमध्ये मध्यम रेसवर चालू ठेवायचं, म्हणजे पंप गरम ऑइल कूलरमधून फिरवत राहतो. तापली की बंद कर, ही स्वयंपाकघरातली रीत इथे घात करते: ऑइल जागीच उभं राहून सील भाजतं. फेऱ्या पुस्तकातल्या मर्यादेत आल्या. दाबाचे गेज लावले, क्लचचा दाबही ठीक.

थोडक्यात, कागदावर जे ट्रान्समिशन उतरवायचं ठरलं होतं ते निरोगी होतं. इंजिन चांगलं, कन्व्हर्टर चांगला, क्लच धरतात, कूलर चालतो, आणि रिकामी गाडी तापते. "मंग जोर जाते कुठं?" फोरमननी स्वतःलाच विचारलं आणि गाडीखाली वाकले.

चाकांच्या गाडीत आणि ट्रॅकच्या गाडीत इथे फरक पडतो. ट्रॅक फार ताणलेला असेल तर प्रत्येक कडी वळवायला ताकद जाते. या वर्गाच्या डोझरला वरचा रोलर आणि पुढचं आयडलर यांच्यावर सरळ पट्टी ठेवली, की ट्रॅक मध्ये 20 ते 30 मिलिमीटर झोळ खाल्लेला दिसायला हवा. पावसाळ्यात काळी माती चिकटून वाळली, की झोळ आपोआप नाहीसा होतो. रोलर जाम असेल तर तोही ओझं होतो. झोळ मापात होता, रोलर फिरत होते.

उरले ब्रेक. ट्रॅकची गाडी वळते ती एका बाजूचा क्लच सोडून आणि ब्रेक लावून. या ब्रेकचा पट्टा मागच्या केसमध्ये, ऑइलात, बाहेरून न दिसणारा. गाडी सपाट रस्त्यावर सरळ चालवायला सांगितली, लिव्हरला हात न लावता. ती हळूहळू डावीकडे ओढत गेली. परत आल्यावर फोरमननी आधी पंजाची उलटी बाजू उजव्या केसजवळ नेली, मग डाव्या. डावीकडून हात झटकन मागे आला. मग गनने दोन्हीकडे एकाच जागी मोजलं. डावी बाजू तिसेक अंशांनी जास्त गरम होती. डावा पट्टा ड्रमला सतत घासत होता. इंजिन दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झुंजत होतं आणि त्या झुंजीचा ताप कन्व्हर्टरच्या काट्यावर उमटत होता.

लॉगबुक मागवलं. काही दिवसांपूर्वी 'ब्रेक लागत नाही' अशी तक्रार होती, आणि त्यापुढे रात्रपाळीत लिहिलेलं: 'ब्रेक ॲडजस्ट केला.' कोणत्या बाजूचा, ते नाही. ॲडजस्टिंग बोल्ट पूर्ण आवळून मग पुस्तकात दिले आहेत तेवढे आटे सैल सोडायचे असतात. आवळणं झालं होतं, सोडणं राहून गेलं होतं. तक्रार करणारा ऑपरेटर खूश झाला होता, कारण ब्रेक आता मस्त लागत होता.

दुरुस्तीला पाना पुरला. पॅडल दाबून प्रवास मोजला, आटे सोडले, पुन्हा सरळ चालवून पाहिलं. पट्ट्याचं अस्तर किती खाल्लं गेलं ते पाहायला केसचं वरचं झाकण तेवढं उघडलं. अजून चालण्याजोगं होतं. ऑइल मात्र बदलायला लावलं. वरच्या तापमानात दर दहा अंशांना ऑइलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. शिवाय तापून पातळ झालेलं ऑइल सील रिंगांतून आतल्या आत गळतं, क्लचचा दाब उतरतो, प्लेटा घसरू लागतात आणि घसरल्या की आणखी ताप. आणखी महिनाभर तशीच चालली असती तर कागदावरचं निदान खरं ठरलं असतं, आणि मग ब्रेकचं नाव कुणी काढलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात काटा पूर्ण पाळीभर हिरव्यात राहिला. खिशातला कागद फोरमननी फाडला नाही. मागच्या बाजूला मापं लिहून फाइलला लावला.

ज्यांच्याकडे स्वतःचा किंवा भाड्याचा डोझर आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: ब्रेकला पाना लावला की डावा की उजवा, किती आटे सोडले, हे लॉगबुकात लिहा. आणि त्यानंतर पहिला तासभर गाडी चालली की मागच्या दोन्ही केसचं तापमान ताडून पाहा.