राखीव यंत्रणा आणि खानदेशावरचे आकाश

हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रातील महत्त्वाचे संगणक जोडीने बसवलेले असतात. एक मास्टर, दुसरा स्टँडबाय. स्टँडबाय म्हणजे कपाटात पडून असलेले सुटे यंत्र नव्हे. रडारची माहिती, उड्डाणांचे आराखडे, कंट्रोलरने केलेल्या नोंदी हे सारे दोघांकडे एकाच वेळी पोहोचते. दोघेही तेच गणित सोडवतात, पडद्यावर मात्र मास्टरचे उत्तर उमटते. आपण चालू असल्याची खूण दोघे एकमेकांना सतत देत राहतात. मास्टरची खूण ठरलेल्या अवधीत आली नाही की स्टँडबाय ताबा घेतो. सारे सुरळीत पार पडले तर कंट्रोलरच्या कामात खंडही पडत नाही.

गोची होते ती दोन्ही संगणक ठणठणीत असून मधली तार तुटली तर. मास्टर बंद पडला असे समजून स्टँडबाय पुढे सरसावतो आणि एकाच आकाशाला दोन मास्टर होतात. म्हणून संगणकांइतकेच त्यांना जोडणारे जाळेही दुहेरी ठेवतात. विजेची कथा वेगळी नाही. १ जानेवारी २०२३ रोजी मनिलाच्या केंद्राचा वीजपुरवठा बिघडला आणि फिलिपिन्सचे आकाश काही तास बंद ठेवावे लागले.

जळगाव-धुळ्यावरचे आकाश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात येते. नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई-लखनौची रेघ धुळ्यावरून आणि मुंबई-वाराणसीची जळगावजवळून जाते. धुळे आणि जळगाव यांमधले हवाई अंतर सुमारे ८३ किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे जेट ते साडेपाच मिनिटांत कापते. रडार चालू असताना एकाच उंचीवरच्या दोन विमानांत नियमाने किमान ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर पुरते. रडारच नसेल तर वेळेच्या हिशोबाने अंतर राखतात आणि त्याचे रूढ माप १० मिनिटांचे, म्हणजे या वेगाला १५० किलोमीटर. पहिले विमान धुळ्यावर असेल तर त्याच उंचीवरून मागून येणारे अजून जळगावच्याही पलीकडे हवे. पडदा काळा झाला म्हणून विमाने आपटत नाहीत. आकाशात मावणाऱ्या विमानांची संख्या एकदम घटते, आणि मग विमाने जमिनीवरच थांबवावी लागतात.

पूर्ण काळोखाच्या आधी एक मधली पायरी असते. मुख्य प्रक्रियेला वळसा घालून रडारची माहिती थेट पडद्यावर आणतात. ठिपके दिसतात, पण आराखड्याशी जोड तुटल्याने विमानाच्या नावाऐवजी चार आकडी सांकेतिक क्रमांक दिसतो. कोणता क्रमांक कोणाचा, हे कंट्रोलरने हातातल्या स्ट्रिपवरून जुळवायचे. विमानाचे नाव, उंची, मार्ग आणि वेळ लिहिलेली ही कागदी पट्टी कोणत्याही सर्व्हरवर अवलंबून नसते. म्हणूनच ती खऱ्या अर्थाने राखीव.

हे फुकाचे कौतुक नाही. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या विमानाचा आराखडा आला. त्यात डीव्हीएल हे संक्षिप्त नाव दोन ठिकाणांना होते, अमेरिकेतील डेव्हिल्स लेक आणि फ्रान्समधील दोव्हिल. आज्ञावलीला मार्गाची संगती लागेना. चुकीची माहिती कंट्रोलरपुढे जाऊ नये म्हणून ती नियमानुसार थांबली. स्टँडबायने ताबा घेतला, तोच आराखडा उचलला आणि त्याच आज्ञावलीने तोच निष्कर्ष काढला. २० सेकंदांत दोघेही बंद. मग आराखडे हाताने भरायची वेळ आली. एरवी तासाला ८०० पर्यंत आराखडे हाताळणाऱ्या व्यवस्थेचा वेग ६० वर आला आणि ७ लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. हार्ड डिस्क किंवा पंखा बिघडला तर जुळी यंत्रे वाचवतात. विचारातच खोट असेल तर दुसरे यंत्र ती खोट इमानाने गिरवते.

भारतातला ताजा प्रसंग नोव्हेंबर २०२५ मधला, दिल्लीचा. आराखड्यांचे संदेश पोहोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. रडार शाबूत होते, तरी आराखडे हाताने तयार करावे लागल्याने ८०० हून अधिक उड्डाणे लांबली. जळगावला उतरणाऱ्या लहान विमानाचाही आराखडा अशाच संदेशांच्या जाळ्यातून फिरतो. २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या विमानतळाच्या टॉवरला स्वतःचे रडार नाही. खिडकी, दुर्बीण आणि रेडिओवरचे बोलणे यांवर काम चालते. महानगरातल्या केंद्राची शेवटची पायरी ती इथली रोजची रीत. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमाने उडतात, तिथे तर भिस्त वैमानिकाच्या नजरेवर अधिक.

स्टँडबायवर जाण्यापेक्षा मूळ यंत्रावर परतणे अधिक नाजूक. दुरुस्त झालेल्या यंत्राची माहिती शिळी असते, ती चालू यंत्रावरून उतरवून घ्यावी लागते. ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत वैमानिकांना सूचना देणाऱ्या यंत्रणेत मुख्य आणि राखीव साठ्यांचा मेळ घालताना कंत्राटदाराच्या माणसांकडून चुकून फायली पुसल्या गेल्या आणि देशभरची उड्डाणे रोखावी लागली. म्हणून असे काम गर्दी ओसरल्यावर करणे शहाणपणाचे.

घाईने परतण्याची गरजही नसते. दुरुस्त यंत्राने स्टँडबाय म्हणून राहावे आणि ठराविक काळाने भूमिका बदलाव्यात, म्हणजे राखीव यंत्राची परीक्षा होत राहते. लॉस एंजेलिस केंद्राच्या ध्वनियंत्रणेतील मिलिसेकंदांचा गणक ४९.७ दिवसांत भरत असे, म्हणून ती दर ३० दिवसांनी पुन्हा सुरू करायची होती. ते राहून गेले. १४ सप्टेंबर २००४ रोजी मुख्य यंत्रणा बंद पडली आणि राखीव यंत्रणाही चालू केल्यावर मिनिटाभरात कोसळली. सुमारे तीन तास वैमानिकांशी बोलणे तुटले होते.