एरिथेमा नोडोसम: एक नाव, दोन आजार

नडगीच्या पुढच्या बाजूला गरम, हात लावला की दुखणाऱ्या गाठी येतात. काही दिवसांत त्यांचा रंग बदलत जातो, मुका मार लागल्यावर कातडी काळी-निळी पडते ना, तसा. त्या सहसा फुटत नाहीत आणि काही आठवड्यांत वण न ठेवता जातात. याला एरिथेमा नोडोसम म्हणतात. आमच्या हिवरखेडकडे अंगावर काहीही उठलं की लोक 'पित्त उठलं' म्हणून मोकळे होतात. पण पित्ताच्या गांधी खाजतात आणि बहुधा काही तासांत विरतात. या गाठी ठणकतात, आणि मुक्काम ठोकून बसतात.

'एरिथेमा' म्हणजे लाली. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, म्हणून आपण लालच शोधत बसतो. सावळ्या पायावर ती लाली नीट दिसत नाही. इथे डोळ्यापेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवावा, असं माझं मत.

सूज असते त्वचेखालच्या चरबीत. संत्र्याच्या फोडी आठवा: चरबीचे असेच कप्पे असतात आणि त्यांच्यामधले पडदे सुजतात. त्यामुळे बायोप्सी खोल घ्यावी लागते. वरवरच्या तुकड्यात चरबी येतच नाही, मग अहवाल काय सांगणार?

कारणांची यादी मोठी आहे. घशातला स्ट्रेप्टोकॉकस, सार्कॉयडोसिस, आतड्याचे दाहक आजार, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण. आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. बऱ्याच रुग्णांत कारण सापडतही नाही. म्हणजे हे नाव आजाराचं कमी आणि खुणेचं जास्त.

आता या नावाचा दुसरा अर्थ, जो आपल्या वऱ्हाडाच्या जास्त जवळचा आहे. अमरावतीचं तपोवन तुम्हाला माहीत असेल. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ते उभारलं. तेव्हा बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, यायला अजून साडेतीन दशकं होती. कुष्ठरोगाचे जंतू ज्यांच्या शरीरात खूप असतात, अशा काही रुग्णांना 'एरिथेमा नोडोसम लेप्रोसम' नावाची प्रतिक्रिया येते. नाव जवळजवळ तेच, पण प्रकरण वेगळं. गाठी चेहऱ्यावर, हातांवर, मांड्यांवरही येतात, पुन्हा पुन्हा येतात, कधी फुटतात. सोबत ताप, सांधेदुखी. डोळे आणि नसांनाही सूज येऊ शकते. यात रक्तवाहिन्यांचा दाहही दिसू शकतो, जो साध्या प्रकारात सहसा नसतो.

खरी गोम पुढे आहे. ही प्रतिक्रिया पुष्कळदा उपचार चालू असताना येते. जंतू मरतात, त्यांचे अवशेष शरीरात राहतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. रुग्णाला वाटतं, गोळ्यांनीच आजार वाढवला, आणि तो गोळ्या बंद करतो. इथेच घात होतो. एमडीटी चालूच ठेवायची असते आणि प्रतिक्रियेवर प्रेडनिसोलोनसारखं औषध वेगळं द्यायचं असतं, तेही लवकर. नाहीतर नस कायमची जाते, बोटं वाकडी होतात.

संशोधन करू पाहणाऱ्यांनी या आजारातली थॅलिडोमाइडची गोष्ट जरूर वाचावी. गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, म्हणून हे औषध १९६१ मध्ये जर्मनीच्या बाजारातून काढून घेतलं गेलं. पुढे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनेने झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णाला ते फक्त झोपेसाठी दिलं, आणि गाठी ओसरू लागल्या. त्यांनी ती नोंद केली, आणखी रुग्णांत तपासली, १९६५ मध्ये छापली. त्याचं एक महत्त्वाचं कारण, म्हणजे हे औषध टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू कमी करतं, ते कळायला १९९१ उजाडलं. आजही मूल होऊ शकेल अशा स्त्रीला ते देताना अतिशय कडक बंधनं पाळावी लागतात.

शोधनिबंध चाळताना म्हणून एक करा: शीर्षकात फक्त 'एरिथेमा नोडोसम' असेल, तर आधी रुग्ण कोण होते, कुठले होते आणि कुष्ठरोगाचे रुग्ण त्यात धरलेत की वगळलेत, ते पद्धतीच्या भागात बघा. दोन्ही गट एकाच तक्त्यात मिसळले असतील, तर त्यातले टक्के तुमच्या प्रबंधात उचलू नका.