पेजेला चोरिसाची जोड

सॉसेज म्हणजे बारीक केलेले मांस मीठ-मसाल्यात मुरवून, स्वच्छ केलेल्या आतड्यात किंवा तशाच कृत्रिम वेष्टनात ठासून केलेली वळी, आणि तांदळाच्या दाट सुपात अशा वळ्या शिजवून केलेला पदार्थ हे युरोपातील थंड प्रदेशांचे जेवण होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सॉसेजपुरती ती बऱ्याच अंशी खरी असली तरी तांदळापुरती खरी नाही. अशा सुपाला जो मलईदारपणा लागतो तो मुळात मलईने येत नसून फुटेपर्यंत शिजलेल्या तांदळाने येतो, आणि ही युक्ती अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चुलींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे त्या पदार्थाला सूप न म्हणता पेज म्हणतात, एवढाच काय तो फरक.

जिल्ह्याचा बहुतेक भाग ज्वारी-बाजरीचा असला तरी सह्याद्रीच्या कुशीतला अकोले तालुका भाताचा आहे, आणि भंडारदरा, घाटघर, हरिश्चंद्रगड या परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजांच्या आहारात तांदळाची किंवा नाचणीची पेज रोजची आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जतन केले, त्यात काळभातासारखे स्थानिक भातही आहेत, आणि या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. तांदूळ पाण्यात कितपत विरघळू द्यायचा यावरून मराठीने पदार्थांची नावे निरनिराळी केली आहेत: पाणी जास्त आणि शिते थोडी ती पेज, कण्या किंवा भरडलेले तांदूळ शिजवून केलेली ती कण्हेरी, शिते मोडून एकजीव झालेला तो गुरगुट्या भात, आणि आजाऱ्यासाठी मऊ आटवलेली ती आटवल. पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातही दाट, पातळसर, गरम असे पिण्याजोगे अन्न आहेच. तिथे हुलग्याच्या पिठाचे माडगे होते, आणि भाजलेले धान्य व मसाले एकत्र दळून केलेला येसर आमटीला दाटपणा देतो. पाश्चात्त्य स्वयंपाकात हे काम लोण्यात परतलेल्या मैद्याकडे असते, त्यामुळे मैदा घातल्याशिवाय सूप दाट होत नाही हा शहरी स्वयंपाकघरांतला ग्रह सोडून दिला तरी चालेल.

पेजेचा युरोपशी संबंध जिथे लिखित स्वरूपात सापडतो ते ठिकाण नगरच्या इतिहासापासून दूर नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये लिस्बनहून गोव्याकडे निघाला, पुढे आयुष्यभर इथेच राहिला, आणि गोव्यात वैद्यकी करीत असताना अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही औषधोपचारासाठी जाऊ लागला. शहाने आपल्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकविली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकविली, असे तो सांगतो. वर्षातले काही महिने दरबारी राहावे म्हणून शहाने मोठे वेतन देऊ केले होते, ते मात्र त्याने स्वीकारले नाही. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि त्यात पटकीसारख्या रोगाचे वर्णन करताना त्याने इथल्या लोकांत रूढ असलेले जे नाव दिले ते मराठी वाचकाला लगेच ओळखू येते, कारण ते ‘मोडशी’ या शब्दाचेच पोर्तुगीज कानांनी ऐकलेले रूप आहे. अशा रोग्याला तांदळाचे पिळून काढलेले पाणी मिरी आणि जिरे घालून पाजतात व त्याला कांजी म्हणतात, अशी नोंद त्याच ठिकाणी आहे. मिरी-जिऱ्याची ही पेज घरोघरी आजही होते, तेव्हा साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत मराठी वाचकाला नवल वाटावे असे काही नाही. नवल आहे ते पुढच्या प्रवासात.

दक्षिणी भाषांतून आलेला ‘कांजी’ हा शब्द पोर्तुगीजांनी ‘कांजा’ असा उचलला आणि तो त्यांच्या भाषेत कायमचा राहिला. कोंबडीच्या रश्श्यात तांदूळ शिजवून केलेल्या सुपाला पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्येही हेच नाव आहे, आजाऱ्याला तेच देतात, आणि एखादी गोष्ट अगदी सोपी आहे हे सांगायचे असले तर पोर्तुगीज माणूस ‘ही तर कांजा’ असे म्हणतो. मराठीत या शब्दाची दुसरी वाट झाली; तो कपड्यांच्या खळीलाही लागला, आणि वस्तुतः भाताच्या पाण्याने सुती साडी कडक होणे व त्याच पाण्याने सूप दाट होणे या एकाच पदार्थाच्या, म्हणजे पिष्टाच्या, दोन करामती आहेत.

सुपात सॉसेज घालण्याची पोर्तुगीज रीतही तितकीच मुरलेली आहे. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतातले ‘काल्दो व्हेर्द’, म्हणजे हिरवे सूप, हे बटाटा घोटून दाट केलेल्या पाण्यात बारीक चिरलेला पाला शिजवून करतात आणि वाढताना त्यात ‘शोरिसू’ नावाच्या सॉसेजची चकती टाकतात. हा शोरिसू गोव्यात आला तेव्हा त्याचा चोरीस झाला, आणि बदल केवळ उच्चारापुरता राहिला नाही. डुकराच्या मांसाचे चरबीसह बारीक तुकडे करून ते मीठ, लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडीपासून केलेला शिरका यांत मुरवायचे, मग आतड्यात भरून थोड्या थोड्या अंतरावर दोरा आवळत जपमाळेसारखी माळ करायची, आणि ती उन्हात वाळवून बहुधा चुलीवरच्या धुरात टांगायची, अशी तिथली रीत आहे. पावसाळ्यात मासळी कमी होते, म्हणून ही बेगमी उन्हाळ्यात करून ठेवतात. नगरकडे ज्या दिवसांत कुरडया, सांडगे आणि पापड होतात त्याच दिवसांतले हे वाळवण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतात, आणि मोठ्या शहरांतील दुकानांतून त्या गोठवलेल्या स्वरूपातही मिळतात.

चोरिसाचे सूप करताना खरी अडचण येते ती त्यातल्या शिरक्यामुळे, आणि बहुतेकांचे सूप बिघडते ते इथेच. दुधातले केसिन हे प्रथिन आम्लामुळे साकळते. आम्लता मोजण्याच्या ज्या मापाला सामू म्हणतात, आणि ज्यात ७ हा आकडा तटस्थ धरला जातो, तो सामान्य तापमानाला ४.६ च्या आसपास उतरला की दूध फुटते, आणि उकळत्या भांड्यात तर त्याहून कमी आम्लतेलाही फुटते. लिंबू पिळून पनीर करण्याची क्रिया हीच आहे. चोरिसाच्या रश्श्यात दूध ओतून उकळी आणणे म्हणजे पनीरच करायला घेणे होय. दाट क्रीम किंवा साय यांत स्निग्धांश जास्त आणि प्रथिने त्या मानाने कमी असल्यामुळे त्या सहसा इतक्या सहज फुटत नाहीत, तरीही त्या आचेवर घालू नयेत. म्हणून दाटपणाचा सगळा भार तांदळावर टाकावा आणि सायीकडे केवळ शेवटची चव ठेवावी, हा या पदार्थातला सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. साय केवळ चैन म्हणून घालायची नसते, हेही ध्यानात ठेवावे. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सायसिनमुळे लागतो ते स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि केसिनही त्याला धरून ठेवते, त्यामुळे तिखट सूप सायीने सौम्य होते.

तांदळाची निवड या दृष्टीने महत्त्वाची ठरते. तांदळातील पिष्टाचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार असतात. पहिल्याचे प्रमाण अधिक असलेला बासमतीसारखा तांदूळ शिजून मोकळा राहतो, तर दुसऱ्याचे प्रमाण अधिक असलेला चिकट होतो. पाणी साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, पुढे फुटतात आणि भोवतालच्या पाण्याला धरून ठेवतात. सुपासाठी म्हणून इंद्रायणी उत्तम. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेला हा वाण जुन्या आंबेमोहराचा वास आणि चिकटपणा बऱ्यापैकी राखून आहे. अकोल्याचा हातसडीचा तांदूळ मिळाल्यास चव अधिक खुलते, मात्र कोंड्याच्या थरामुळे तो शिजण्यास जास्त वेळ घेतो.

चार माणसांसाठी अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम, इंद्रायणी तांदूळ घ्यावा आणि तो एकदाच हलक्या हाताने धुवावा, कारण चोळून तीन-तीन पाण्यांनी धुतल्यास बाहेरचे पिष्ट वाहून जाते. अर्धा तास भिजवून तो सहा वाट्या पाण्यात जिरे आणि ठेचलेल्या मिरीसह मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटे, शिते फुटेपर्यंत, मधूनमधून तळापासून ढवळत शिजवावा. मीठ मुळीच घालू नये. शिजल्यावर एक तृतीयांश पेज बाजूला काढून रवीने घोटावी व परत भांड्यात सोडावी. सगळी पेज मिक्सरमधून काढल्यास तिची खळ होते आणि दाताखाली काहीच येत नाही, तेव्हा तो मोह आवरावा.

पेज शिजत असतानाच १५० ग्रॅम चोरिसाचे दोरे आणि वरचे आवरण काढून आतले मांस मोकळे करावे, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाण्यासह मंद आचेवर ठेवावे आणि पाणी आटून लाल चरबी सुटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावे. आधी पाणी घालण्याचे कारण असे की कोरड्या भांड्यात मसाला आत मांस शिजण्यापूर्वीच करपतो, आणि पाण्याच्या वाफेबरोबर शिरक्यातले थोडेफार आम्लही उडून जाते. ही सुटलेली लाल चरबी म्हणजे नगरकर ज्याला रश्श्यावरची तर्री म्हणतात तीच, आणि मिरचीचा रंग व स्वाद स्निग्धांशातच विरघळत असल्याने ती फेकून देण्यात काहीच शहाणपण नाही. फार वाटल्यास दोन चमचे काढून ठेवावी व वाढताना वरून घालावी. उरलेल्या तर्रीत दोन बारीक चिरलेले कांदे आणि सहा लसूणपाकळ्या परताव्या, कांदा मऊ झाला की पेज ओतावी, एकत्र दहा मिनिटे खदखदू द्यावी, आणि काल्दो व्हेर्दच्या पाल्याऐवजी मूठभर चिरलेला पालक शेवटच्या तीन मिनिटांत घालावा. भांडे आचेवरून उतरविल्यावर पाव वाटी घोटलेल्या सायीत आधी दोन पळ्या पेज मिसळून ती कोमट करावी आणि मगच ती भांड्यात सोडावी.

डुकराचे मांस वर्ज्य असणारी घरे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी बाजारातले कोंबडीचे सॉसेज हा सोपा पर्याय आहे. हे सॉसेज वेगळ्या जातीचे असते. मांस, चरबी आणि बर्फ एकत्र इतके बारीक वाटलेले असते की त्यांचे एकसंध मिश्रण होते, ते कारखान्यातच शिजविलेले असते, आणि त्यात शिरका नसल्यामुळे तिथे दूधही निर्धास्त घालता येते. तथापि त्याची तर्री सुटत नाही आणि चव सपक लागते. त्यापेक्षा घरचा खिमा बरा: कोंबडीच्या किंवा बोकडाच्या पाव किलो खिम्याला दीड चमचा मिरचीपूड, वाटलेले आले-लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, एक चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे शिरका लावून तो झाकून फ्रीजमध्ये रात्रभर मुरवावा, आणि तेलावर पूर्ण शिजवून चोरिसाच्या जागी वापरावा. आतड्यात भरण्याचा खटाटोप सुपासाठी अनावश्यक आहे, कारण आवरण शेवटी काढावेच लागते.

हा खिमा वाळविण्याचा प्रयत्न मात्र घरी करू नये. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे नाव लॅटिनमधील ‘बोटुलस’ म्हणजे सॉसेज या शब्दावरून पडले आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने तिचे पद्धतशीर वर्णन केले ते सॉसेजचे विष म्हणूनच. तिचे जंतू हवाबंद, ओलसर आणि कमी आम्लाच्या मांसात वाढतात. गोव्याच्या चोरिसात मीठ, शिरका आणि वाळवण या तिन्हींचा पहारा असतो, आणि त्यांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने ठरलेले असते. तरीही चोरीस हा कच्चाच पदार्थ असून तो आतपर्यंत शिजविल्याशिवाय खाता कामा नये. शिजलेल्या तांदळाचाही एक धोका आहे: बॅसिलस सेरेअस या जंतूची बीजे उकळीतूनही तगतात आणि कोमट भातात वाढून उलट्यांना कारण होणारे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उरलेले सूप म्हणून दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून थंड करावे व फ्रीजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते खळीसारखे घट्ट झालेले दिसेल, त्यात गरम पाणी घालून सैल करावे, आणि मीठ हवे असल्यास ते तेव्हाच, चाखून पाहून घालावे. चोरिसातले मीठ रात्रभर पेजेत उतरत राहिलेले असते.