भिंत नसलेली सीमा : तापी, नाणी आणि आपली पांढर

रनाळ्याहून बोलतोय. ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

सुरुवात थोडी लांबून करू. उत्तर इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. 122 च्या सुमारास एक भिंत बांधायला घेतली. लांबी साधारण 117 किलोमीटर. साम्राज्याची हद्द इथपर्यंत, असं दगडात सांगून टाकलं. आता प्रश्न असा, की त्याच काळात आपल्याकडे हद्द कशी कळायची?

कारण हद्द आपल्याकडेही होती. इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात उत्तरेला, गुजरातच्या बाजूला, क्षहरात क्षत्रप होते. त्यांचा राजा नहपान. दक्षिणेला पैठणचे सातवाहन. पैठणचा माल बैलगाड्यांवरून भरूच बंदरात जायचा आणि तिथून जहाजाने रोमन साम्राज्यात. एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय, पैठण भरूचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. या दोघांच्या मध्ये कोण? आपला खानदेश. बंदर आणि वाट ज्याच्या हातात, त्याच्याकडे पैसा. भांडण त्याचंच होतं.

इथे भिंत कोणी बांधली नाही. सीमा कधी पुढे सरकली, कधी मागे. मग पुरावा कुठे शोधायचा?

एक पुरावा लेण्यांत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने नद्यांवर फुकट नावा चालवल्या, असं त्यात लिहिलंय, आणि त्या नद्यांमध्ये तापीचं नाव आहे. हो, आपलीच तापी!

दुसरा पुरावा नाण्यांत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 च्या वर नाणी, सगळी नहपानाची. पण त्यातल्या 9,000 पेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांचं चिन्ह. राज्य बदललं, हे लोकांना कसं कळलं असेल? हातातल्या पैशावरून.

आणि तिसरा पुरावा मातीत. रनाळ्याच्या उत्तरेला, तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा. आपण तिथे दर्शनाला जातो, पण तिथल्या टेकाडाकडे बघत नाही. 1955 मध्ये बी. के. थापर यांनी ते खणलं. चार कालखंड निघाले, एकावर एक : तळाशी ताम्रपाषाण युगातले शेतकरी, मग लोखंड वापरणारे, मग सातवाहनांचा काळ ज्यात येतो तो थर, आणि वर त्यानंतरची वस्ती. राजे भांडत राहिले, गाव मात्र पुन्हा पुन्हा तिथेच वसलं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे गावठाणाच्या जुन्या जागेला पांढर म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, कोसळलेल्या भिंती यांनी ती माती पांढुरकी होते. पिकाला चांगली, म्हणून लोक ट्रॉली भरून शेतात नेतात. इंग्लंडमध्येही हेच झालं. हेड्रियनच्या भिंतीचे दगड लोकांनी घरं, गोठे, चर्च बांधायला नेले. पण जे उरलं ते जपलं, आणि 1973 पासून विंडोलँडा या छावणीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची पत्रं सापडू लागली. एकात तर वाढदिवसाचं आमंत्रण आहे!

थर एकदा उपसला की कोणतं खापर कोणत्या काळचं, हे परत कळत नाही. म्हणून नाणं, मणी, रंगीत खापर दिसलं तर आधी जागेवरच फोटो काढा, लोकेशन ठेवा. नाणं सोनाराकडे नेऊन वितळवू नका. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आपल्या सीमेला भिंत नव्हती. तिची जी काही खूण उरलीय, ती या पांढरीत आहे. तुमच्या गावची पांढर कुठे आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!